झेंडे दोन, मांडव एक

आमच्या वस्तीत विहीर नव्हती. आई शेतकऱ्यांच्या विहिरीपाशी घागर घेऊन बसायची; कोणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर नदीच्या वाळूत झिरा उकरायचा. महाराष्ट्र नुकताच झालेला. पंचायत समितीची निवडणूक लागली आणि बाबांना आशा लागली. एक उमेदवार आमचा सरपंच, दुसरा शेजारच्या गावचा बागाईतदार. दोघं भर बाजारात एकमेकांचा उद्धार करायचे. बाबांनी बागाईतदाराला गुपचूप गाठलं. वस्तीची मतं त्याला, विहीर आम्हाला. सरपंचाला कुणकुण लागली तर ओतून मिळणारं पाणीही बंद होणार होतं.

मतदानाआधी सरपंचाच्या पोरीचं लग्न निघालं. मतं पाहिजे होती, म्हणून आम्हालाही चूलबंद आवतन, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं. नवरदेव कुठला, हे आम्हाला कोण सांगणार?

आई पाण्यासाठी मागं राहिली; बाबा आणि मी गेलो. वरात आली. व्याहीभेटीला नवरदेवाचा बाप पुढं झाला, तो बागाईतदारच! दोघांनी गुलाल लावून कडकडून मिठी मारली.

"मेलो," बाबा पुटपुटले.

बागाईतदार सरपंचाच्या कानाशी लागला. दोघं आमच्याकडे पाहून हसले. असा संताप आला मला! आम्ही येडे झेंडे मोजत बसलो. कोणाची पोर कोणाच्या घरी जाते, ते पाहायला पाहिजे होतं. तालुका चालवणारे सगळे त्या मांडवात एकमेकांचे सोयरे होते.

आमची पंगत शेवटी, मांडवाबाहेर बसली. जेवणं होताच सरपंच आला.

"विहीर पायजे ना बे तुले?"

"हाव, पायजे."

"मंग उचल पत्रावळी. साऱ्या मांडवाच्या."

धर्म बदलला तेव्हाच वस्तीनं ही कामं सोडली होती. बाबा वाकले. विहिरीसाठी हा माणूस उचलेल की काय?

बाबांनी एकच पत्रावळ उचलली, स्वतःची.

"माही म्या उचलली. तुमची तुमी पाहा."

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी होती, रिकामी घागर घेऊन. विहिरीवरून तिला परत पाठवलं होतं. तिनं घागर खाली ठेवली. कोपऱ्यातलं फावडं माझ्या हातात दिलं.

"चाल व पोरी," ती म्हणाली, "झिरा खोल करा लागते आता."