शांतवनकाकांचा राखेचा डबा

शांतवनकाका गेल्याची बातमी मला वसंताने दिली, तीही दफन उरकून आल्यावर. "तुझा पेपर हुता, म्हणून न्हाई सांगितलं," तो म्हणाला. महिना झाला. त्या क्षणी मला आधी दुःख झालं नाही, वसंताचा हेवा वाटला...

काका नगरमधल्या गोऱ्या साहेबांच्या जुन्या दफनभूमीचे राखणदार. मी श्रीगोंद्याकडच्या खेड्यातला, घरातून कॉलेजात पोचलेला पहिलाच; अभ्यासाला शांत जागा शोधत तिथं गेलो. काकांना वाचता येत नव्हतं. तरी रोज एकेका काळ्या दगडावर ते डब्यातली राख चोळायचे, मग कोरलेली अक्षरं पांढरी उठून दिसायची. मग गोष्ट. "ह्यो सायब आंबं खाऊन मेला बघ, पोरा. लई हावरा!" लिंबाखालच्या थडग्यातली मेमसाहेब मात्र त्यांची लाडकी. "नवरा लढाईला गेल्ता. रोज फाटकाशी हुबी ऱ्हायाची..."

वसंता माझ्या खोलीतला, बेलापूरचा. त्याला मीच तिथं नेलं. "काका, मेमसाब भाकरी थापायची का?" त्याने विचारलं.

"थापायची की! पर वाकडी." काका डोळ्यांत पाणी येईतो हसले. माझ्याबरोबर ते असे कधी हसले नव्हते. मला राहवलं नाही. मेमसाहेबांच्या दगडावर राखेने उठलेल्या अक्षरांवर बोट ठेवून मी म्हणालो, "काका, इथं बाई नाहीच. अकरा महिन्यांचं मूल आहे."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "तुला वाचता येतं. आसंल." त्या दिवसापासून मी 'पोरा'चा 'मास्तर' झालो. मी दिसलो की नुसतं विचारायचे, "मास्तर, काय लिवलंय?" गोष्टी वसंताला मिळायच्या, मी नसताना. माफी मागायची होती. परीक्षा संपली की मागू, म्हणत राहिलो...

गेल्या रविवारी वसंता कॉलेजातल्या दोन नव्या मुलांना तिथं घेऊन निघाला. मीही मागोमाग गेलो. डबा लिंबाच्या ढोलीत तसाच होता. मी लिंबाखालच्या त्याच दगडावर राख चोळू लागलो आणि वसंता मेमसाहेबांची गोष्ट सांगू लागला, हुबेहूब काकांच्या आवाजात. मला ते ऐकवत नव्हतं. एका मुलाने मला विचारलं, "खरंच असं लिहिलंय?" वसंता माझ्याकडे बघू लागला. अक्षरं स्वच्छ पांढरी दिसत होती.

"हो," मी म्हणालो. "रोज फाटकाशी उभी राहायची."

निघताना डबा उचलायला वसंता वाकला. मी तो आधी उचलला, झाकण घट्ट लावलं आणि ढोलीत माझ्या हातानेच ठेवला.