जंगलातल्या मारुतीची प्रदक्षिणा

बुधवार, १६ ऑक्टोबर २०२४. पहाटे ३८ अंश फॅरनहाइट, नंतर ऊन. गुडघा ठीक. अकरा वाजता ट्रेल क्लबच्या मार्जरीचा फोन. जंगलातला दगडी निवारा शनिवारी पाडणार. तुळई कुजली आहे. ती तीन वेळा ‘सॉरी’ म्हणाली. दुपारी चादरी उन्हात टाकल्या. संध्याकाळी देवदत्तांकडे कोजागिरीचं दूध. केशर जरा जास्त. उद्या नऊला ते, मार्जरी आणि मी निवाऱ्यापाशी जाणार.

नीलाकाकू सबनीसांची डायरी अशीच असते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सातवीत असताना सिस्टर बेनेडिक्टांनी प्रत्येक मुलीच्या हातात एकेक वही दिली आणि बजावलं, ‘घडलं ते लिहायचं. वाटलं ते प्रार्थनेत सांगायचं.’ बाकीच्या मुलींच्या वह्या दिवाळीपर्यंत बंद पडल्या. काकूंची चालू राहिली, ती आज सहासष्ट वर्षं. म्हणून मार्जरीचा फोन ठेवल्यावर त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून किती वेळ उभ्या होत्या, ते डायरीत नाही.

तो निवारा काकूंच्या यजमानांचा, हेमचंद्रांचा. म्हणजे मालकीचा नव्हे; पण एकोणीस वर्षं त्यांनी तो सांभाळला. लग्नानंतर कंपनीनं त्यांना दोन वर्षं जर्मनीत पाठवलं होतं. तिथल्या जंगलांत पायवाटांच्या कडेला चालणाऱ्यांसाठी छोटी घरं असत: तीन भिंती, वर छप्पर, आत बाक, आणि चौथ्या बाजूला सगळं जंगल उघडं. कुलूप नाही, राखणदार नाही. कोणीही यावं, पाऊस थांबेपर्यंत बसावं. हेमचंद्रांना त्याचं फार अप्रूप वाटलं. पुढे अमेरिकेत श्रूजबरीला घर घेतलं, आणि एका रविवारी जंगलात फिरताना त्यांना अगदी तसाच निवारा दिसला. ओटो नावाच्या एका जर्मन गवंड्यानं तो १९३४ साली बांधला होता, आपल्या गावाकडच्यासारखा. हेमचंद्र घरी आले ते लहान मुलासारखे. ‘नीला, जर्मन लोक त्याला ह्युट्टं म्हणतात. आणि आता हा माझा हट्ट.’

त्यानंतर दर रविवारी पानं झाडणं, फळ्यांना तेल लावणं, सरपण रचणं. काकूंच्या डायरीत त्या सगळ्या रविवारांवर एकच ओळ आहे: ‘हे जंगलात.’ हेमचंद्रांमधला ‘हे’ आणि नवऱ्याला म्हणायचा ‘हे’, एका अक्षरात दोन्ही कामं भागत.

हेमचंद्र जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचे कोट काकूंनी देऊन टाकले, गाडी विकली, अस्थी समुद्रात सोडल्या. या देशात त्यांच्या हातचं म्हणावं असं एक ते छप्पर उरलं होतं. तेही शनिवारी जाणार.

गुरुवारी सकाळी निघताना बेलव्ह्यूहून मुलीचा, आश्लेषाचा, फोन आलाच. ‘आई, सव्वा मैल आहे तो. One way! मोजे पँटवर ओढलेस ना? टिक्स असतात.’

‘ओढलेत गं. तुझ्या बाबांनी एकोणीस वर्षं अंगावर आणलेले गोचीड मीच काढलेत.’

‘पडलीस तर?’

‘देवदत्त आहेत ना.’

‘देवदत्तकाका सेव्हंटी-सिक्स आहेत, आई!’

‘म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान,’ काकूंनी फोन पर्समध्ये टाकला.

देवदत्त मूळचे पुण्याचे, निवृत्त सिव्हिल इंजिनियर, हेमचंद्रांचे मित्र. क्लबची मार्जरी साठीची, धिप्पाड, गावाच्या जुन्या कागदपत्रांवर जीव टाकणारी. तिघं जंगलात शिरली आणि दहा पावलांवरच काकूंचा पाय थबकला.

मेपल पेटले होते. लाल, केशरी, पिवळे; बाकीच्या रंगांना नाव देता येईना. वारा नव्हता, तरी पानं सुटत होती, आणि जमिनीला टेकताना प्रत्येक पान बारीकसा आवाज करत होतं. इतक्या शांततेत तो आवाज ऐकू येत होता. काकू पूर्वी इथे चार-पाचदा आल्या होत्या, पण हेमचंद्र कामाला लागले की त्या बाकावर थर्मास घेऊन बसत आणि घरच्या कामांची यादी करत. जंगलाकडे असं पाहिलंच नव्हतं.

वाटेच्या दोन्ही बाजूंनी दगडी बांध धावत होते. झाडांमधून, ओढ्यावरून, पार टेकडीच्या माथ्यापर्यंत.

‘जंगलात बांध कोणी घातले?’ काकूंनी विचारलं.

‘शेतकऱ्यांनी,’ मार्जरी म्हणाली. ती अर्थातच इंग्रजीत बोलत होती. ‘दोनशे वर्षांपूर्वी इथे एक झाड नव्हतं. सगळी शेतं होती, गायी होत्या. लोक पश्चिमेकडे गेले आणि जंगल परत आलं.’

काकू बांधाला हात लावून उभ्या राहिल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, जंगल पुरातन आणि माणूस कालचा. इथे उलटं होतं. माणसाचा बांध म्हातारा, आणि आकाशाला भिडलेला ओक त्याच्या नातवाच्या वयाचा.

निवाऱ्यापाशी पोचल्यावर देवदत्तांनी खिशातला चाकू तुळईत खुपसला. तो लोण्यात जावा तसा गेला. ‘वहिनी, हेमचंद्रांनी कितीही तेल पाजलं तरी लाकूड ते लाकूड. दुरुस्त होईल, पण दोन-तीन दिवसांचं काम आहे.’

‘त्याला माणसं मिळत नाहीत,’ मार्जरी म्हणाली. ‘आणि समितीचं म्हणणं, नव्वद वर्षांचा म्हणजे काही ऐतिहासिक नाही. जुना हद्दीचा दगड सापडला असता तर गोष्ट वेगळी होती.’

मग तिनं सांगितलं. मॅसॅच्युसेट्समध्ये जुना कायदा आहे: दोन गावांच्या माणसांनी दर पाच वर्षांनी आपली सामाईक हद्द पायी चालायची, दगड जागेवर आहेत की नाहीत ते बघायचं आणि त्यावर साल घालायचं. या हद्दीवरचा एक दगड कागदावर होता, जमिनीवर नव्हता. ‘मोठ्या खडकाच्या पाठीमागे’ एवढीच नोंद. तो इथे निघाला तर आसपासचं काहीही दोन्ही गावांना विचारल्याशिवाय पाडता येणार नव्हतं. मार्जरीनं दोनदा शोधला होता. ‘त्या चालण्याला पेरॅम्ब्युलेशन म्हणतात,’ ती म्हणाली.

काकूंना सिस्टरांचा लॅटिनचा तास आठवला. ‘अँब्युलारे म्हणजे चालणं. पेर म्हणजे पूर्ण, आरपार.’ त्या देवदत्तांकडे वळल्या. ‘अहो, म्हणजे प्रदक्षिणाच की!’

‘सरकारी प्रदक्षिणा!’ देवदत्त हसले. ‘मार्जरी, प्रसाद काय असतो?’

प्रश्न समजावून घेतल्यावर मार्जरी म्हणाली, ‘पूर्वी रम द्यायचे.’

‘घ्या वहिनी, तीर्थाचीसुद्धा सोय आहे.’

निवाऱ्यामागे तो मोठा खडक होता. दीड मजला उंच, एकटा, आजूबाजूच्या कुठल्याच दगडाशी नातं नसलेला. हजारो वर्षांपूर्वी हिमनदीनं उत्तरेकडून ढकलत आणला आणि बर्फ वितळल्यावर इथेच टाकून दिला. त्याच्या अंगावर दगडफुलाचे केशरी थर चढले होते, शेंदराची पुटांवर पुटं चढावीत तसे. त्यामुळे हेमचंद्र पहिल्या दिवसापासून त्याला मारुती म्हणत. येताना-जाताना लांबूनच हात जोडत.

आता निघायचं, तर रिकाम्या हातानं पाठ कशी फिरवायची? काकूंनी काठी उचलली. ‘मी एक प्रदक्षिणा घालून येते.’

‘तिकडून कुठे? वाट इकडून आहे,’ देवदत्त म्हणाले. पायवाट खडकाच्या उजव्या अंगानं जात होती. शोधणारे सगळे तिकडूनच गेले होते आणि थोड्या अंतरावर काटेरी वेलींच्या भिंतीला थडकून परत आले होते.

‘ती उलटी होईल. देव उजव्या हाताला हवा.’

डाव्या अंगाला निवाऱ्याची भिंत आणि खडक यांच्यामध्ये जेमतेम हातभर फट होती, आणि त्या फटीत छातीएवढं सरपण रचलेलं. पावसापासून वाचावं म्हणून ओटोच्या काळापासून सगळे ते तिथेच रचत आले होते.

‘वहिनी, रस्ता बंद आहे. महादेवासारखी अर्धी घाला आणि परत फिरा.’

‘महादेवाला चालते अर्धी. मारुतीला पूर्णच लागते.’

‘अहो, तो दगड आहे!’

‘मारुती दगडाचेच असतात. लाकडं काढताय की मी काढू?’

देवदत्तांनी आभाळाकडे पाहिलं, मग बाह्या सरसावल्या. ‘हेमचंद्र रविवारी इकडे का पळायचा, ते आज कळलं,’ असं पुटपुटत ते एकेक ओंडका मार्जरीकडे देऊ लागले. मार्जरीला काय चाललंय ते कळत नव्हतं. पण विधवा बाईचा काही विधी असावा, असं समजून ती अदबीनं लाकडं रचत गेली. वाट मोकळी झाली तेव्हा देवदत्तांनी आधी स्वतः शिरून पाहिलं. पोट अडलं. काकू चार फूट दहा इंच, अंगानं काडी. त्यांनी काठी पुढे केली, कूस वळवली आणि आत सरकल्या.

डाव्या खांद्याला निवाऱ्याची भिंत, उजव्या गालाजवळ खडक. खडक थंडगार होता. आठ-दहा पावलं, आणि एकदम जागा झाली. मागे एक छोटं अंगण असावं तसं. तीन बाजूंनी काटेरी जाळी, वरून मेपलचा लाल उजेड. आणि मधोमध, खडकाकडे तोंड करून, कमरेइतका एक उभा दगड.

काकूंनी हातमोजा काढला आणि त्यावरचं शेवाळ बाजूला केलं. वर एक अक्षर कोरलेलं होतं. खाली आकडे. १७९३.

त्याच्याखाली आणखी एक साल. त्याच्याखाली आणखी. दगडाची ती बाजू भरली तेव्हा माणसं दुसऱ्या बाजूला वळली होती. प्रत्येक साल वेगळ्या हातचं. कोणाचा आठ गोलमटोल, कोणाचा सात छिन्नी घसरून लांब गेलेला. एकानं १८४८ घातलं होतं, मग चूक लक्षात येऊन शेवटच्या आठाचा तीन करायचा प्रयत्न केला होता; तो काही नीट जमला नव्हता. एका सालाशेजारी छोटासा क्रूस होता. का, ते आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. शेवटचं साल १९३३.

काकू बोटानं एकेक आकडा चाचपत राहिल्या. ही माणसं आली. थंडीत आली असतील, चिखलातून आली असतील, घरात कोणी आजारी असताना आली असतील. त्यातलं काही त्यांनी कोरलं नाही. आम्ही आलो, दगड जागेवर होता, एवढंच. काकूंनी डोकं त्या दगडावर टेकवलं. उजव्या हाताला मारुती, समोर हे, आणि आजूबाजूला पानांचा तो बारीक आवाज. आपण कुठल्या देशात उभ्या आहोत, हे क्षणभर त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

‘वहिनी!’ भिंतीपलीकडून हाक आली. ‘ओ वहिनी! बोला काहीतरी! आश्लेषाला मी काय सांगू?’

‘आहे मी,’ काकू म्हणाल्या. ‘देवदत्त, इथे लोक येऊन गेलेत. मार्जरीला सांगा, तिचा दगड मिळाला.’

पलीकडून मार्जरीची किंकाळी, आणि ती फटीत शिरू पाहतेय आणि देवदत्त तिला मागे ओढताहेत, असे आवाज. शेवटी तिनं हात लांब करून आपला फोन आत सरकवला. काकूंनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक साल मोठ्यानं वाचलं आणि मार्जरीनं पलीकडे बसून लिहून घेतलं. १८४३ च्या वेळी काकू म्हणाल्या, ‘इथे खाडाखोड आहे, तीही लिही.’

परत फिरायला देवदत्तांनी हात पुढे केला, तर काकू म्हणाल्या, ‘आले त्या वाटेनं कशी येऊ? अर्धी राहील.’ त्यांनी काठीनं काटेरी वेली दाबल्या, पदरासारखी शाल डोक्यावरून घेतली आणि उजव्या अंगानं पायवाटेवर बाहेर आल्या. शालीचे दोन धागे निघाले, हनुवटीवर एक ओरखडा.

टेकडीच्या माथ्यावर फोनला रेंज होती. मार्जरी तिथे जाऊन समितीच्या अध्यक्षांशी बोलली. पंधरा मिनिटं हातवारे दिसत होते. काकू बाकावर बसून राहिल्या. छपराकडे त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही.

मार्जरी खाली आली ती जवळजवळ धावत. ‘शनिवारी कोणी येणार नाही. आता दोन्ही गावांची माणसं येऊन दगड बघतील. तोवर निवाऱ्याला हात लावायचा नाही, उलट टेकू द्यायचा. नाहीतर तो दगडावर कोसळेल!’

‘टेकू मी बसवतो. परवाच,’ देवदत्त म्हणाले. मग काकूंकडे बघून, ‘आणि ती लाकडं आता पुन्हा आत रचायची नाहीत, बरं का. मारुतीची आज्ञा.’

घरी आल्यावर आश्लेषा फोनवर ओरडली. ‘फटीत? आई, तू फटीत शिरलीस?’

‘बाकीचे मावत नव्हते.’

मग मुलगी म्हणाली, ‘फोटो पाठव ना.’

जेवण झाल्यावर काकूंनी डायरी उघडली. तारीख, हवामान. दगड सापडल्याची ओळ लिहिली, मग सगळी सालं ओळीनं उतरवून काढली, १७९३ पासून १९३३ पर्यंत. पान भरलं. निवारा तूर्त राहिला, असं लिहिलं. त्यापुढे पेन बराच वेळ तसंच धरलेलं राहिलं. मग त्यांनी पान उलटलं आणि लिहिलं:

कुकरची रिंग बदलली. जुनी अकरा महिने टिकली.