अर्धी अर्धी गोळी

आमच्या पाथर्डीकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसं दोन, कोयता एक. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ही गोष्ट जरा जास्तच मनावर घेतली होती. भाकरी एकच उरली तर मोडून अर्धी माझ्यापुढं सरकवायचे.

गोष्ट नव्वद सालानंतरची. धाकटी पोर उसाच्या फडातच झाली, आणि रक्त इतकं गेलं की डॉक्टरांनी बजावलं, आता तिसरं नको, जीव जाईल. पोरीचं दूध तुटलं तेव्हा पुढचा हंगाम तोंडावर आला होता. ऑपरेशन केलं तर आराम कुठून करायचा? म्हणून उन्हाळ्यापर्यंत मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घ्यायच्या, असं ठरलं.

पुणतांब्याजवळ फडाशेजारी कोपी घातली, पाचटाची झोपडी. गोळीनं मला मळमळायचं, मोळी उचलताना गरगरायचं. मालकांना ते बघवेना. एके दिवशी त्यांनी गोळी दातानं तोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः गिळली.

“कोयता दोघांचा, मग तरास तुला एकलीलाच का?”

मग रोज तसंच. संसार दोघांचा, तर औषधही दोघांना लागू पडत असेल, असं मलाही वाटलं. दहावी पास बाई मी, पण अक्कल चरायला गेली होती.

मग पाळी चुकली. आईविना दोन पोरी डोळ्यांपुढं दिसायला लागल्या. दवाखान्यात नर्सबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“अगं, ही गोळी बाईच्या अंगातलं बीज सुटू देत नाही. त्याच्या अंगात कुठलं बाईचं बीज आलंय? रोज ठरल्या वेळी अख्खी घ्यायची. विसरलीस तर आठवल्याबरोबर घ्यायची.”

मळमळ काही महिन्यांत जाते, रात्री जेवून घे, म्हणाल्या. रक्तदाब बघितला. पोटरी सुजली, छातीत दुखलं, डोकं फार ठणकलं तर गोळी बंद करून लगेच यायचं. मिश्री सोड, असंही दटावलं. मालक दाराशी उभे होते, कान लाल.

लघवी तपासली. दिवस गेले नव्हते, अर्ध्या गोळ्यांनीच पाळी लांबली होती. मी तिथंच रडले. पाळी आली की नवं पाकीट सुरू करायचं आणि तोवर निरोध वापरायचा, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं.

उन्हाळ्यात गावी आलो. माझ्या ऑपरेशनचा दिवस ठरला. आमच्याकडं हे बाईनंच करायचं, पुरुषाला कोणी विचारत नाही. आदल्या दिवशी मालक न सांगता कुठंतरी गेले. दुपारी एसटीतून उतरले ते जरा पाय फाकवून चालत.

“मीच करून आलो,” सासूबाईंना म्हणाले. “तिचं रगत आधीच लई गेलंय.”

मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “तीन महिन्यांनी माझं तपासून पक्कं हुईस्तवर तुला गोळी घ्यावी लागंल. अख्खी.”

सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. आता ह्याच्यानं मोळी उचलायची न्हाई, म्हणून गाव हसलं. ते पुढच्या हंगामात माझ्याआधी फडात उतरले.

आता ते नाहीत. मला त्यांचा किती अभिमान वाटला, ते सांगायचं राहून गेलं.