शिडी धरणारीचे हात

काच पुसणारा वर असतो, म्हणून लोक त्यालाच बघतात. खाली शिडी धरून उभी असलेली बाई कुणाच्या नजरेत येत न्हाई. परभणीत स्टेशन रोडला जेवढी काचेची दुकानं हायेत, त्यातल्या निम्म्यांपुढं मी अशी उभी राहिलेले हाय. येणारेजाणारे मला पत्ता विचारतात. एका बाईनं तर भाजीची पिशवी माझ्या पायाशी ठेवली, "जरा बघा हं, आलेच," म्हणली आणि अर्धा तास लावला. मी मनात म्हणलं, आणा अजून काय असेल ते, लेकरू बी ठेवून जा.

आमचं काम काचा पुसायचं. नवरा वर, मी खाली. आधी तो रंगकामावर जायचा. मग शहरात काचेच्या इमारती वाढल्या, आणि आमच्याकडची धूळ तर काय सांगावी, सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं. या धुळीला सगळे शिव्या देतात, मी देत न्हाई. तिच्यावर माझी चूल पेटते. एक ॲल्युमिनियमची शिडी, दोन बादल्या, वायपर, साबण लावायला फडकं गुंडाळलेला दांडा, एवढाच आमचा कारखाना.

लोकांना वाटतं शिडीत काय शिकायचंय, टेकवली की चढलं. तसं नसतं. चार हात उंच जायचं तर शिडीचा पाय भिंतीपासून एक हात बाहेर पाहिजे. जवळ घेतली तर माणूस पाठीवर उलथतो, लांब घेतली तर शिडी खालनं निसटते. वर गेल्यावर दोन पाय आणि एक हात शिडीलाच असला पाहिजे. पोट शिडीच्या बाहेर काढायचं न्हाई; कोपरा राहिला तर खाली उतरायचं, शिडी सरकवायची, परत चढायचं. हे शेवटचं माझ्या नवऱ्याला कधी पटलं न्हाई. "एवढ्याशासाठी कुठं उतरू?" म्हणत तो एका पायावर लांब व्हायचा, पपईला हात घातल्यासारखा, आणि मी खालनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं नवराबायकोचं भांडण लागलंय. लागलेलंच असायचं.

आणि खालच्याचा नियम एकच. वर बघायचं न्हाई, शिडीच्या पायाकडं बघायचं. वर बघून काय करणार? माणूस सुटला तर तुमी काय ओंजळीत झेलणार हाव का? शिडी सुटते ती खालनंच. एवढं सगळं मला तोंडपाठ होतं, हे आधीच सांगून ठेवते. शिडीला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची बी असायचं. पायाचं रबर मात्र झिजून पापुद्र्यासारखं झालेलं. ते बदलू बदलू म्हणत आमी दोघांनी दोन वर्षं काढली.

माझे सासरे सोनपेठकडं खेड्यात राहतात. त्यांना मी मामा म्हणते. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, पण मामांपुढं माझ्या डोक्यावर पदर न्हाई असं कधी झालं न्हाई. त्यांनी कधी तसं सांगितलं बी न्हाई, माणूस लय गरीब स्वभावाचा. पण अशा गोष्टी कुठं सांगाव्या लागतात? मोठं माणूस दिसलं की आधी पदर, मग पाया पडणं, मग बोलणं. माहेरात हे मला अक्षरं यायच्या आधी आलेलं.

मागच्या दसऱ्याच्या अगोदरची गोष्ट. कापडाच्या एका मोठ्या दुकानाची दोन मजली काच होती. नवरा बारा-तेरा फुटांवर, मी खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभी. साबणाचं पाणी फरशीवर ओघळलेलं. तेवढ्यात मागनं आवाज आला, "काय पोरांनो, काम जोरात चाललंय की." मामा एसटीतनं उतरून, घरी कुलूप बघून, चालत चालत आमच्याकडंच आले होते. हातात मुगाच्या शेंगांची पिशवी.

आता मी काय केलं ते ऐका. मी शिडी सोडली. एका हातानं न्हाई, दोन्ही हातांनी. कमरेला खोचलेला पदर उपसला, डोक्यावर घेतला, दोन पावलं पुढं झाले आणि वाकले. तिथं डोकं चालत न्हाई हो, हात आपले आपण जातात. माझी बोटं मामांच्या पायाला टेकली आणि मागं खर्रकन आवाज झाला.

नवरा शिडीसकट खाली आला. नशीब बलवत्तर, डोक्यावर न्हाई, पायावर आला. उजव्या टाचेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घालून दीड-दोन महिने पाय टेकायला बंदी केली. ऑटोत बसवताना मी हंबरडा फोडला तर तोच मला समजावायला लागला, की रडू नको, वरची काच तर पुसून झाली. खरं म्हणजे कोपरा राहिला होता, पण मी काही बोलले न्हाई.

पुढं जो तो येऊन कारण सांगायला लागला. कुणी म्हणलं दृष्ट लागली, कुणी म्हणलं त्या दिवशी अमावस्या होती. दुकानाच्या मॅनेजरनं सांगितलं, साबणाच्या पाण्यावरनं शिडी घसरली. ते सगळ्यांना पटलं. नवरा बी तेच सांगायचा, वर असल्यावर त्याला खालचं काय दिसणार? आणि मी गप्प. जी मी मॅनेजरला बी चार शब्द सुनावल्याबिगर सोडत न्हाई, ती मी मान खाली घालून लोकांना चहा देत होते. मला लय लाज वाटायची. नवऱ्याचा पाय उशीवर ठेवताना वाटायचं, आत्ता सांगून टाकावं. मग वाटायचं, तो म्हणेल, पाया पडायच्या नादात माझा जीव घेतला असतास की. आणि ते खरंच होतं.

दिवाळी जवळ आली. मॅनेजरचा निरोप आला, धनत्रयोदशीच्या आत काच लख्ख पाहिजे, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. हे दुकान गेलं असतं तर शेजारची तीन बी गेली असती; एकाची काच बघूनच दुसरा बोलावतो. सहा वर्षं घासून घासून मिळवलेला रस्ता तो. मी म्हणलं, मी चढते. नवरा आधी हसला, मग चिडला, मग एकच प्रश्न विचारला: धरणार कोण?

धरणाऱ्याच्या हाताचं काय होतं, ते माझ्यापेक्षा कुणाला ठाऊक?

मामा तेव्हापासून आमच्याकडंच राहिले होते. कोपऱ्यात बसून लसूण सोलत होते. मान वर न करता म्हणले, "मी धरतो."

सुनेचे पाय सासऱ्याच्या डोक्यावर! आमच्यात सासरा बसला असेल तर त्याच्यापुढनं आडवं जात न्हाईत. नवरा माझ्याकडं बघायला, मी भिंतीकडं. मामांनी मात्र पुढं चर्चाच केली न्हाई. दुसऱ्या दिवशी बाजारातनं नवं रबर आणलं आणि शिडीला आडवी पाडून स्वतःच्या हातानं चारी बाजूनं ठोकून बसवलं. लिंबू-मिरची काढू का म्हणून मी विचारलं. म्हणले, राहू दे, ती काय खायला मागायली?

साडी नेसून शिडीवर चढणं म्हणजे यमाला निमंत्रण. मी नवऱ्याची पॅन्ट घातली, वरनं त्याचाच शर्ट, आणि डोक्याला टॉवेल घट्ट बांधला. म्हणलं, डोकं बी झाकलं आणि हात बी मोकळे. नवरा प्लास्टरचा पाय लांब करून बसला होता, मला बघून उचकी लागेस्तोवर हसला. म्हणला, पॅन्ट परत पाहिजे हं मला. त्याला म्हणलं, आता ही कायमची गेली समजा.

सकाळी लवकर गेलो, गर्दी व्हायच्या आत. मामांनी पाय मोजून शिडी लावली, फरशीवर आधी पोतं टाकलं, मग दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी चढायला लागले. पाचव्या पायरीवर मी थांबले. खालचा रस्ता, समोरची चहाची टपरी, सगळं गोल फिरलं. मी काचेला गाल लावून डोळे मिटले आणि खंडोबापासनं सगळ्यांना हाका मारल्या. मग एक डोळा उघडून खाली बघितलं. मामा मान खाली घालून उभे. पॅन्ट घातलेल्या सुनेकडं वर बघायचं कसं, म्हणून बिचाऱ्यांनी नजर जी शिडीच्या पायाला लावली होती, ती हलवायलाच तयार न्हाईत. सायकलवरचा एकजण हाक मारून गेला, टपरीवाल्यानं चहा विचारला, मामांनी कुणाकडं बघितलं न्हाई. माझ्या मनात आलं, असला शिडी धरणारा अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा न्हाई. हसू आलं आणि मी पुढची पायरी चढले.

वर पोचले, साबण लावला. काचेत माझंच तोंड दिसत होतं, टॉवेल बांधलेलं. मामांचा चेहरा मला दिसत न्हाई, माझा त्यांना दिसत न्हाई. बहुतेक म्हणूनच तोंडातनं निघून गेलं.

"मामा, त्या दिवशी पाण्यानं न्हाई घसरली. मी हात सोडला होता."

सांगितलं आणि मी वायपर हातात घेतला.

मग मामा बोलले, तसेच, शिडीच्या पायाकडं बघत. "ठाऊक हाय मला. मी बघितलं की. तू शिडी सोडून पदर घेतला, आणि मी मनात फुगलो. म्हणलं, भर रस्त्यात बी सून मान ठेवती. पोरगं वर हाय, ते मला दिसलंच न्हाई, माय. मला निस्ता तुझा पदर दिसला."

महिनाभर मी एकटीच हे ओझं घेऊन फिरायले असं समजत होते, आणि हा म्हातारा माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढं बसून तेच ओझं वाहत होता. लसूण सोलत होता, रबर ठोकत होता. माझ्या डोळ्यांतनं धार लागली. एक हात शिडीला, एका हातात वायपर, पुसू कशानं?

"साबण वाळायलाय," खालनं मामा म्हणले. "आधी काच पूस. डाग राहतील."

मी काच पुसली. कोपरा राहिला तेव्हा खाली उतरले, शिडी सरकवली, परत चढले. तसं चार वेळा केलं.

संध्याकाळी नवऱ्याला दोघांनी मिळून सांगितलं. मामांनी सुरुवात केली, "चूक माझी," म्हणले; मी मधीच तोंड घातलं, "न्हाई, माझी," म्हणले. नवरा म्हणला की तुमच्या दोघांच्या मानपानात माझी टाच गेली. दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी भजी मागितली तेव्हा मला कळलं की राग गेला.

आता त्याचा पाय बरा हाय. तो चढतो, मी धरते, कधी मी चढते आणि तो धरतो. धरताना माझ्यासारखाच शिव्या देतो. मामा महिन्या-दोन महिन्यांनी येतात. घराला कुलूप असलं की अजून बी शोधत शोधत दुकानापाशी येतात. पण हाक मारत न्हाईत. रस्त्याच्या पलीकडं, टपरीच्या आडोशाला पिशवी घेऊन उभे राहतात, कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास, त्यांच्या पोराचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत. मला ते आल्याआल्याच दिसतात. मी शिडीच्या पायाकडं बघत राहते.