मावशीची दुपार

"पिवळी का पांढरी?"

सकाळी कांद्याच्या शेडवर आलेल्या प्रत्येक बाईला मावशी हे विचारायची. लघवीबद्दल, आणि तेही मोठ्यानं. 'पिवळी' म्हटलं की तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय कामाला हात लावू देत नसे. नव्या बाया पदरात तोंड लपवायच्या. मी तिथं काट्यावर वजनं करायचो. एकदा तिनं मलाही विचारलं. मी मुकाट्यानं तांब्या उचलला.

पारनेरकडची अशी पत्र्याची शेडं तुम्ही पाहिली असतील. वैशाखातल्या दुपारी आत उभं राहवत नाही. मावशी तिथं कांदा निवडणाऱ्या बायांची मुकादम. तिची धाकटी बहीण रस्त्याच्या कामावर उन्हानं गेली होती. त्याबद्दल ती बोलत नसे. पाणी पाजत राहायची.

एका दुपारी संगीता, नुकतीच कामाला लागलेली बाई, ढिगाशेजारीच कलंडली. अंग घामानं थबथबलेलं, चेहरा पांढराफटक. मावशीनं तिला लिंबाच्या सावलीत निजवलं, कपडे सैल केले, ओली फडकी मानेवर आणि काखेत ठेवली, पुठ्ठ्यानं वारा घातला. जरा हुशारी आल्यावर साखर-मिठाचं पाणी घोटाघोटानं पाजलं.

"आता बरं वाटतंय, मावशी," म्हणत संगीता उठून बसली. तेव्हा कुठं मावशीनं हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

शेठ बाहेर आले. "झालं ना बरं? चला आत, ट्रक भरायचाय."

मावशी जागची हलली नाही. "शेठ, आदी तुमी घटकाभर आत बसून दावा. मंग आमी येतो."

शेठही हट्टाला पेटले. जाऊन बसले. बाया लिंबाखालून बघत राहिल्या. सदरा पाठीला चिकटला, तोंड लालबुंद झालं. शेवटी ते उठले, पिंपातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि म्हणाले, "उद्यापासून उजाडताच या. दुपारी काम बंद. मजुरी तीच."

बाया अशा काही ओरडल्या की शेजारच्या शेडातले हमाल धावत आले. थोड्याच दिवसांत त्यांनीही आपल्या मालकाकडून दुपारची सुट्टी मिळवली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं पुन्हा कुणी पडलं नाही.

गेल्या वर्षी मावशी बेलापूरला लेकीकडं कायमची राहायला गेली. टेम्पो नेमका भर दुपारी आला. सगळ्या बाया रस्त्यावर जमल्या, शेजारच्या शेडातल्यासुद्धा.

"उनात काय हुब्या ऱ्हायल्या गं? सावलीत जावा!" मावशी टेम्पोतून ओरडत होती.

त्या दिवशी तिचं कुणीच ऐकलं नाही.