चांगल्या नावाची भीती

"हिला परवा पागलखान्यात धाडा. खाट अडवून बसली आहे," राउंडला आलेले मोठे डॉक्टर म्हणाले.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अकोल्यात स्टाफ नर्स होते. पार्बता जवळच्या खेड्यातली, नवरा नामदेव कापसाच्या जिनात मजूर. तीन वर्षांचा मुलगा हगवणीनं गेला आणि हिची वाचाच बसली. घसा ठणठणीत, पण शब्द फुटेना. याला आम्ही म्युटिझम म्हणतो. त्याहून वाईट म्हणजे अंगावर पिणाऱ्या लेकीला ती जवळ घेईना. पोरगी वाळत चालली होती.

"मला दोन दिवस द्या, सर," डॉक्टर कुमुदबाई म्हणाल्या. मनाच्या आजाराचं शिकून आलेल्या आमच्यात त्या एकट्याच.

"दोन दिवसांत काय दिवे लावणार?"

"बघते."

इंजेक्शन नाही, गोळी नाही. बाई स्टूल ओढून खाटेशी बसल्या. आम्ही सगळ्या पार्बताला 'ए बाई' म्हणायचो. यांनी विचारलं, "पार्बताबाई, पोराचं नाव काय होतं तुमच्या?"

शेजारी बसलेली सासू तडकली. "नाव नका काढू! त्या नावानंच खाल्लं त्याले!"

मग उलगडा झाला. लेकरं जगत नसली की आमच्या वऱ्हाडात दगडू, कचरू अशी नावं ठेवत. असल्या टाकाऊ नावाच्या पोराकडे काळ कशाला बघतो? पण छप्पन साली हे घर बौद्ध झालं. नामदेवनं हौसेनं मुलाचं नाव सिद्धार्थ ठेवलं. सासूला दगडू हवं होतं, पार्बतानं नवऱ्याची बाजू घेतली. म्हणजे पोरगा आपल्यामुळे गेला, लेकीला हात लावला तर तीही जाईल, हे तिनं मनाशी धरलेलं. अगं माय, आणि आम्ही तिला वेडी ठरवत होतो!

दुसरा डॉक्टर 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळा झाला असता. बाईंनी सासूलाच विचारलं, "आजी, तुमचं बी एखादं लेकरू गेलं असन?"

"गेलं ना माय."

"नाव?"

म्हातारी अडखळली. "दगडू."

"कशानं गेला?"

"हगवणीनंच."

पार्बतानं मान वळवून सासूकडे पाहिलं.

"पाणी कुठून भरता?"

"नाल्यात खणलेल्या झिऱ्यातून. गावच्या विहिरीवर आमाले कोन चढू देते?"

बाईंनी पार्बताचा हात धरला. "नाव चांगलंच होतं, पार्बताबाई. पाणी वाईट होतं. ते काई तुमी नासवलं नाई."

"माह्या सिद्धार्था!" तिनं असा हंबरडा फोडला की सगळा वॉर्ड उठून बसला. मोठे डॉक्टर धावत आले. "गप्प करा तिला!"

"रडू द्या, सर. यासाठीच दोन दिवस मागितले होते."

संध्याकाळी तिनं लेकीला पदराखाली घेतलं. माझ्याच डोळ्यांतलं पाणी खळेना.

बाई पुढे त्या वस्तीच्या विहिरीसाठी वर्षभर कचेऱ्यांत भांडल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "विहीर खोदणं डॉक्टरचं काम आहे का?"

"माझ्या पेशंटचं औषध तेच आहे," बाई म्हणाल्या. आणि विहीर झालीच!

लेकीचं नाव ठेवायचं भीतीपोटी राहूनच गेलं होतं. त्या बारशाला बाई आणि मी गेलो होतो. सासूनं हळूच 'धोंडी' सुचवलं. पार्बता सगळ्यांदेखत ठणकावून बोलली, "यशोधरा!"

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी पेशंटला आधी नाव विचारलं आणि लगेच, पाणी कुठलं पिता ते.