फाटकापलीकडची येळवस

आमच्या गावाशेजारच्या टेकडीला जंगल म्हणायचं, ते केवळ सरकार तसं म्हणतं म्हणून. काटकुळे साग, बोरी, बाभळी आणि वर एक थोराड वड, एवढाच संसार. पण ओसाड गावी एरंड बळी, तसं आमचं ते जंगल.

तिथला रस्ता दुष्काळात झाला. अर्ध्या गावानं खडी फोडली, त्यात माझी आईही होती. त्या साली येळवस आली तेव्हा शेतं भुंडी पडलेली. एरवी मार्गशीर्षातल्या या अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. आम्हाला शेत नव्हतं, म्हणून आम्ही दरसाल मालकांच्या शेतातले पाहुणे. मालक म्हणजे ज्यांच्याकडं आई खुरपायला जायची ते. त्या साली मात्र खडी फोडणाऱ्या बायांनी वडाखालीच चूल मांडली. भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांचं दाट कालवण, पण तिच्यात भाजी कमी आणि पाणीच जास्त होतं, तरी आईनं येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवलं. दुष्काळ सरला, पण आमची येळवस वडाखालीच राहिली. आम्ही बौद्ध, त्यामुळे पूजा नसायची. ताकातली आंबिल, भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे मात्र कुणापेक्षा कमी नसायचे.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवे साहेब, नव्या साहेबांना नव्या जीपा, आणि जीपांना रविवारी कुठंतरी जायला हवंच. वडाखाली कोंबड्यांची पिसं आणि बाटल्यांच्या काचा दिसू लागल्या. एकदा कुणी चूल तशीच पेटती ठेवून गेलं आणि निम्मा उतार जळाला. जंगल खात्यानं रस्त्यावर लोखंडी फाटक ठोकलं. जीप नाही, बैलगाडी नाही, पायी माणूससुद्धा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

शाळेत सभा भरली. सरपंच म्हणाले, "डांबर टाका, वर बाकडी बसवा. लातूरची माणसं फिरायला येतील, चार हॉटेलं चालतील." वनसाहेब म्हणाले, "रोपं लावलीत हो, ती तरी जगू द्या." दोघांचंही खरं होतं आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते. तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी बसलेली आई उठली. एकदा सुरू झाली की आई आवरायची नाही.

"सायब, जीप बंद करा, लई चांगलं. पर पायी मानसाला कामून? एक दिस आमची येळवस असती तिथं."

मालक पुढच्या रांगेतून वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "अगं, आमच्या रानात येत जा की पयल्यासारखं. न्हाई कोन म्हनून राहिलंय?"

"येते की मालक. पर मी तुमाला जेवायला कुठं बलावू?"

आई चक्क एवढंच बोलून खाली बसली. वनसाहेब म्हणाले, "त्या दिवशी पायी जा. पण वर चूल पेटवायची नाही."

येळवसेला आईनं पहाटेच घरी स्वयंपाक उरकला आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन टेकडी चढली. दुपारी बघतो तर मालक धापा टाकत वर येत होते. त्यांची बैलगाडी खाली फाटकाशीच राहिली होती. आम्हा पोरांना हसू फुटलं, तसे आईनं डोळे वटारले. मालक मांडी घालून आमच्या पंगतीत बसले, पोटभर जेवले, वर आंबिल मागून घेतली.

ते निघाले तेव्हा आईनं भाकरी आणि उंडे फडक्यात बांधून त्यांच्यापुढं धरले. "घरी लेकरायला घेऊन जावा." मालकांच्या शेतातून निघताना दरसाल आमच्या हातात असंच गाठोडं यायचं, याच शब्दांसकट. मालक जरा थबकले. मग त्यांनी दोन्ही हात पुढं करून ते घेतलं आणि उताराला लागले. मला इतका आनंद झाला की हातातला उंडा खायचाच राहिला.

आईनं वरून हाळी दिली, "पाव्हणं, फुडल्या साली बी या!"